शंकरराव चव्हाण यांची राजकीय भूमिका

शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै १९२० – २६ फेब्रुवारी २००४) हे महाराष्ट्राचे दोन वेळा मुख्यमंत्री (१९७५–१९७७ आणि १९८६–१९८८) आणि भारताचे दोन वेळा गृहमंत्री होते. त्यांचा जन्म पैठणचा असला, तरी त्यांची राजकीय कर्मभूमी नांदेड जिल्हा होती. या जिल्ह्यातील भोकर विधानसभा मतदारसंघाचे त्यांनी प्रतिनिधित्व केले. पुढे त्यांचे पुत्र अशोक चव्हाण हेही याच मतदारसंघाचे आमदार असताना मुख्यमंत्रिपदावर होते. शंकररावांचे वर्णन अनेकदा ‘मध्यममार्गी’, ‘संयमी’ किंवा ‘मवाळ’ नेते असे केले जाते. आणीबाणीतील कठोर निर्णय, काँग्रेसमधून बाहेर पडणे आणि परत येणे, तसेच अयोध्या प्रकरणाच्या काळातील गृहमंत्रिपद यांमुळे हे वर्णन कितपत लागू पडते, हा महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातील विवाद्य प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा आढावा घेतला आहे.

संज्ञा आणि निकष

मराठी राजकीय परिभाषेत ‘मवाळ’ हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ अशी फूट पडली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नेतृत्वाखालील मवाळ गटाचा भर सनदशीर मार्ग, अर्ज-विनंत्या आणि टप्प्याटप्प्याने होणाऱ्या सुधारणा यांवर होता. म्हणजे मूळ अर्थाने मवाळपणा हा उद्दिष्टांपेक्षा साधनांशी संबंधित होता. ‘नेमस्त’ हा त्याच गटासाठी वापरला जाणारा दुसरा शब्द होय. स्वातंत्र्यानंतर ‘मध्यममार्गी’ ही संज्ञा अधिक प्रचलित झाली. डावे आणि उजवे यांच्या मधली धोरणे असणारा, असा तिचा अर्थ घेतला जातो.

अमेरिकेत राज्याचा कारभार निवडून आलेल्या गव्हर्नरकडे असतो आणि एखादा लोकप्रिय गव्हर्नर मध्यममार्गी आहे की नाही, ही तेथील नेहमीची चर्चा आहे. भारतात राज्यपालाची नियुक्ती राष्ट्रपती करतात व प्रत्यक्ष कार्यकारी सत्ता मुख्यमंत्र्याकडे असते. त्यामुळे भारतात हा प्रश्न मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत उपस्थित होतो. मात्र त्याची मोजदाद भारतात अधिक अवघड आहे. अमेरिकेत विधिमंडळातील सदस्य अनेकदा पक्षाच्या विरोधात मतदान करतात व त्या नोंदींवरून त्यांचा कल ठरवता येतो. भारतात पक्षादेश आणि १९८५ पासूनचा पक्षांतरबंदी कायदा यांमुळे सभागृहातील मतदानावरून नेत्याचे स्वतंत्र मत कळत नाही.

आणखी एक अडचण काँग्रेस पक्षाच्या स्वरूपातून उद्भवते. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६० च्या दशकात ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना मांडली. तीनुसार काँग्रेस हा मध्यवर्ती सहमतीचा पक्ष होता आणि भिन्न विचारांचे गट त्याच्या आतच एकमेकांशी स्पर्धा करीत असत. असा पक्ष स्वतःच मध्यभागी असल्याने त्यातील बहुतेक नेते आपोआप मध्यममार्गी ठरतात आणि संज्ञेला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून शंकररावांच्या बाबतीत चार निकष वेगवेगळे पाहणे उपयुक्त ठरते: राजकीय साधने, आर्थिक धोरण, धर्म व जात यांविषयीच्या प्रश्नांवरील भूमिका, आणि पक्षांतर्गत वर्तन.

पार्श्वभूमी

शंकररावांची राजकीय जडणघडण हैदराबाद संस्थानात झाली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्याचा भाग होता. हैदराबाद येथे कायद्याचे शिक्षण घेत असताना ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रभावाखाली आले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झाले. या संग्रामात सत्याग्रह आणि न्यायालयांवरील बहिष्कार यांबरोबरच सीमेवरील शिबिरांतून चालणारी सशस्त्र कारवाईही होती. उमरखेड येथे असे एक शिबिर होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. ज्या पिढीचा राजकारणातील प्रवेश सरंजामी आणि दडपशाहीच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यातून झाला, त्या पिढीला केवळ अर्ज-विनंत्यांच्या अर्थाने मवाळ म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने राज्य ढवळून निघाले असताना त्यांनी सरकारमध्ये राहून काम केले.

पाटबंधारे खाते आणि प्रादेशिक प्रश्न

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर पाटबंधारे व वीज खाते त्यांच्याकडे आले. दीर्घकाळ हे खाते सांभाळल्यामुळे त्यांची ओळख सिंचनाशी जोडली गेली. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्प हे त्यांचे सर्वांत परिचित काम होय. पैठण येथील या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, शंकरराव मुख्यमंत्री असताना, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संत एकनाथांच्या नावावरून जलाशयाला ‘नाथसागर’ असे नाव देण्यात आले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ अब्ज घनफूट आहे. नांदेडजवळील विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाच्या जलाशयाला पुढे ‘शंकरसागर’ हे नाव मिळाले.

जायकवाडी हा वादाचाही विषय होता. धरणाने पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या भागांतील गावे व सुपीक जमीन पाण्याखाली गेली. नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांचे हितसंबंध आणि खालच्या मराठवाड्याची गरज यांतील तणाव आजही कायम आहे. या प्रश्नावर शंकरराव तटस्थ नव्हते. त्यांनी स्पष्टपणे मराठवाड्याची बाजू घेतली. मात्र त्यासाठी त्यांनी स्वतंत्र राज्याची मागणी किंवा प्रादेशिक पक्ष असा मार्ग पत्करला नाही. मागणी प्रादेशिक, पण साधन प्रशासकीय, असे या भूमिकेचे स्वरूप होते.

आंतरराज्य पाणीवाटपातही हीच पद्धत दिसते. गोदावरी जलविवाद लवादाचे काम चालू असताना ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. त्यानुसार पैठण धरणापर्यंतच्या गोदावरीच्या आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतच्या पूर्णेच्या खोऱ्यातील पाणी वापरण्यास महाराष्ट्राला मुभा मिळाली. तेथून खाली पोचमपाडपर्यंतच्या भागात नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा ठरली. त्या वेळी शंकरराव मुख्यमंत्री होते. या करारातून महाराष्ट्राने वरच्या खोऱ्यातील हक्क मिळवला आणि त्याच वेळी खालच्या भागातील मर्यादा मान्य केली. नांदेड जिल्हा याच मर्यादित भागात येत असल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा करार विशेष महत्त्वाचा ठरतो. वाटाघाटीतून तडजोड हा मध्यममार्गाचा निकष मानल्यास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मुख्यमंत्रिपदाची पहिली कारकीर्द (१९७५–१९७७)

वसंतराव नाईक यांच्या अकरा वर्षांहून अधिक काळच्या कारकिर्दीनंतर २१ फेब्रुवारी १९७५ रोजी शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातून आलेले ते पहिले मुख्यमंत्री होत. चारच महिन्यांनी, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी जाहीर झाली आणि त्यांच्या पहिल्या कारकिर्दीचा बहुतांश काळ आणीबाणीत गेला.

आर्थिक धोरणात या काळातील निर्णय मध्याच्या डावीकडे झुकणारे होते. शेतजमिनीच्या कमाल धारणेची मर्यादा कमी करणारी सुधारणा २ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आली. तीनुसार बारमाही बागायतीसाठी १८ एकर आणि कोरडवाहू जमिनीसाठी ५४ एकर अशी मर्यादा ठरली. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि कामगार यांना सावकारी कर्जातून मुक्त करणारा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदाही याच काळातील. सावकारांनी त्याला आव्हान दिले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात तो वैध ठरवला. हे निर्णय इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाशी सुसंगत होते. त्यामुळे त्यांत मुख्यमंत्र्यांची स्वतःची भूमिका किती आणि केंद्राचा आदेश किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

नागरी स्वातंत्र्याच्या निकषावर मात्र ही कारकीर्द मध्यममार्गी ठरत नाही. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली (मिसा) स्थानबद्धतेचे आदेश राज्य सरकारची यंत्रणा काढत असे. महाराष्ट्रात समाजवादी, जनसंघ आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यकर्त्यांना मोठ्या संख्येने तुरुंगात टाकण्यात आले. मृणाल गोरे यांना अटक झाली. कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आणीबाणीला उघड विरोध केल्यानंतर त्यांनाही तुरुंगवास भोगावा लागला.

१९७६ मधील दोन घटना या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली म्हणजे कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक. तीन अपत्ये असलेल्या जोडप्यांपैकी एकावर, काही अपवाद वगळता, नसबंदीची सक्ती करण्याची तरतूद त्यात होती. अशा सक्तीचे विधेयक मंजूर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. विधिमंडळाने ते मंजूर केले. परंतु राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. दुसरी घटना मुंबईतील ट्रॉम्बे येथील जनता कॉलनीची. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरातील ही वसाहत मे १९७६ मध्ये पोलीस बंदोबस्तात हटवण्यात आली आणि सुमारे ७० हजार रहिवाशांना चिता कॅम्प येथे हलवण्यात आले. त्याच वर्षी मुंबईतील झोपड्यांची गणना करून रहिवाशांना ओळखपत्रे देण्यात आली व पात्र झोपडीधारकांना पर्यायी जागा देण्याचे तत्त्व पुढे आले. एकाच सरकारच्या काळात सक्तीचे स्थलांतर आणि हक्काची नोंद या दोन्ही गोष्टी घडल्या, हे या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होय.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी २० जागा काँग्रेसला मिळाल्या. उत्तर भारताच्या तुलनेत हा पराभव सौम्य होता. तथापि पूर्वीच्या यशाच्या तुलनेत तो मोठा होता. मे १९७७ मध्ये शंकररावांना पायउतार व्हावे लागले आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले.

काँग्रेसबाहेरचा काळ

सत्तेतून गेल्यानंतर शंकररावांनी काँग्रेसपासून फारकत घेऊन महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस हा पक्ष स्थापन केला. जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार स्थापन झाले आणि त्यात शंकररावांनी अर्थमंत्रिपद स्वीकारले. पवार हे शंकररावांच्या १९७५ च्या मंत्रिमंडळात मंत्री होते. माजी मुख्यमंत्र्याने आपल्या माजी सहकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याचे हे उदाहरण महाराष्ट्रात पुढेही चर्चिले गेले.

पुलोदमध्ये जनता पक्ष व शेतकरी कामगार पक्ष हेही सामील होते. आणीबाणीत ज्यांचे कार्यकर्ते तुरुंगात गेले, त्यांच्याच बरोबर आणीबाणीतील मुख्यमंत्री मंत्रिमंडळात बसले. ही वैचारिक लवचीकता होती की केवळ सत्तेचे गणित, याविषयी मतभेद आहेत. याच सरकारच्या काळात २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले व नांदेड जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. सरकारने ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. सहमतीची वाट पाहण्याच्या धोरणाची किंमत कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न या प्रसंगाने उभा केला. मध्यममार्गाच्या कोणत्याही मूल्यमापनात तो टाळता येत नाही.

१९८० मध्ये शंकरराव इंदिरा काँग्रेसमध्ये परतले व नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले. त्यानंतर शिक्षण, नियोजन आणि संरक्षण ही खाती त्यांनी केंद्रात सांभाळली.

मुख्यमंत्रिपदाची दुसरी कारकीर्द (१९८६–१९८८)

३१ डिसेंबर १९८४ पासून ते राजीव गांधी यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या राजीनाम्यानंतर त्यांना पुन्हा महाराष्ट्रात पाठवण्यात आले. या कारकिर्दीत वित्तीय शिस्तीवर त्यांचा भर होता. प्रत्येक खर्चाचे समर्थन नव्याने मागणारी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत राज्यात याच काळात आणली गेली.

या काळातील सर्वांत कठीण कसोटी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथाच्या वादाने पाहिली. डॉ. आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड राज्य सरकारने १९८७ मध्ये प्रकाशित केला. त्यातील राम व कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावर मराठा महासंघ व शिवसेना यांनी आक्षेप घेतला आणि ते वगळण्याची मागणी केली. दलित संघटनांनी मजकुरात कोणताही बदल करण्यास विरोध केला. दोन्ही बाजूंचे मोर्चे मुंबईत निघाले व ५ फेब्रुवारी १९८८ रोजी दलितांचा प्रचंड मोर्चा झाला. अखेरीस परिशिष्ट कायम ठेवावे आणि त्यातील मतांशी सरकार सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडावी, असा तोडगा निघाला. ग्रंथातील शब्द अबाधित राहिले आणि विरोधकांनाही माघारीसाठी वाट मिळाली. शंकररावांना मध्यममार्गी मानणाऱ्यांच्या दृष्टीने हा त्यांच्या पद्धतीचा नमुना आहे. टीकाकारांच्या मते आधी परिशिष्टाबाबत चलबिचल दाखवून सरकारनेच हा वाद वाढू दिला.

डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवार काँग्रेसमध्ये परतले आणि जून १९८८ मध्ये शंकररावांच्या जागी मुख्यमंत्री झाले. शंकरराव केंद्रात अर्थमंत्री झाले. १९८९-९० चा केंद्रीय अर्थसंकल्प त्यांनी मांडला. ग्रामीण रोजगारासाठी मोठी तरतूद आणि त्यासाठी अधिक उत्पन्न असलेल्यांवर अधिभार, ही त्याची वैशिष्ट्ये होती.

केंद्रीय गृहमंत्री

शंकररावांच्या गृहमंत्रिपदाच्या पहिल्या काळात जुलै १९८५ मध्ये राजीव गांधी–लोंगोवाल करार आणि ऑगस्ट १९८५ मध्ये आसाम करार झाला. त्याच वर्षी दहशतवादी व विघटनकारी कारवाया प्रतिबंधक कायदाही (टाडा) संमत झाला. एकीकडे वाटाघाटी आणि दुसरीकडे असाधारण अधिकार, हे दोन्ही एकाच वर्षी एकाच खात्यातून घडले.

२१ जून १९९१ पासून १९९६ पर्यंत ते पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. तत्कालीन गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे लिहिल्यानुसार, उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करून वास्तू ताब्यात घेण्याची आकस्मिक योजना गृह मंत्रालयाने आधीच तयार केली होती. परंतु पंतप्रधानांकडून तिला मान्यता मिळाली नाही. केंद्रीय निमलष्करी दले अयोध्येजवळ तैनात असूनही राज्य सरकारच्या सहकार्याविना त्यांचा उपयोग झाला नाही. गृहमंत्री म्हणून घटनात्मक जबाबदारी शंकररावांकडे असल्याने त्यांच्यावर टीका झाली. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या हमीवर विश्वास ठेवणे हा कायद्याला धरून असलेला संयम होता की निष्क्रियता होती, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

घटनेनंतर १० डिसेंबर १९९२ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, विश्व हिंदू परिषद, बजरंग दल, जमाते इस्लामी हिंद आणि इस्लामिक सेवक संघ या पाच संघटनांवर बंदी घालण्यात आली. दोन्ही धर्मांच्या संघटनांवर एकाच वेळी कारवाई करण्याचा हा निर्णय समतोल दाखवण्याच्या काँग्रेसी पद्धतीला धरून होता. ज्यांचा त्या घटनेत हात नव्हता, त्यांनाही एकाच मापाने मोजल्याची टीका त्यावर झाली.

याच कार्यकाळात मानवी हक्क संरक्षण कायदा होऊन १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला आणि गुन्हेगारी व राजकारण यांच्या संबंधांचा शोध घेण्यासाठी व्होरा समिती नेमली गेली. मोठ्या प्रमाणावरील गैरवापराच्या तक्रारींनंतर मे १९९५ मध्ये टाडाची मुदत संपू देण्यात आली. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. मराठवाड्याच्या अनुशेषाच्या जुन्या मागणीला त्यातून घटनात्मक चौकट मिळाली.

कार्यशैली आणि लोकप्रियता

शंकरराव ‘हेडमास्तर’ या टोपणनावाने ओळखले जात. वक्तशीरपणा, फाइलींचा बारकाईने अभ्यास आणि शिफारशींविषयीची नावड यांमुळे हे नाव पडले. सभा जिंकणारे वक्तृत्व किंवा कार्यकर्त्यांचे मोठे जाळे ही त्यांची बलस्थाने नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील नेत्यांप्रमाणे सहकारी साखर कारखानदारीचा मजबूत आधारही त्यांच्यामागे नव्हता. त्यामुळे दोन्ही वेळा त्यांचे मुख्यमंत्रिपद पक्षश्रेष्ठींच्या विश्वासावर अवलंबून राहिले आणि त्या विश्वासाचे गणित बदलताच ते गेले.

मराठवाड्यात मात्र त्यांना मिळालेली मान्यता टिकाऊ होती. ती प्रामुख्याने पाण्याच्या कामांवर उभी होती. म्हणजे त्यांची लोकप्रियता भूमिकेच्या सौम्यतेतून आलेली नव्हती. एका मागास प्रदेशाच्या बाजूने त्यांनी घेतलेल्या ठाम भूमिकेतून ती निर्माण झाली होती. लोकप्रियता आणि मध्यममार्ग या दोन गोष्टी एकमेकींचा पुरावा ठरत नाहीत, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मराठवाड्यातील अन्य मुख्यमंत्र्यांशी तुलना

लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे विलासराव देशमुख (१९४५–२०१२) हे १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८ या काळात मुख्यमंत्री होते. सरपंचपदापासून सुरुवात केलेल्या देशमुखांची लोकप्रियता व्यक्तिगत संपर्क, हजरजबाबीपणा आणि विरोधकांशी मैत्री यांवर आधारलेली होती. भारतीय जनता पक्षाचे गोपीनाथ मुंडे यांच्याशी त्यांचे सख्य सर्वश्रुत होते. अनेक पक्षांच्या आघाडीचे सरकार चालवताना हा स्वभाव उपयोगी पडला. देशमुखांचा मध्यममार्ग संबंधांचा होता, तर शंकररावांचा नियमांचा, असा फरक करता येतो.

अशोक चव्हाण ८ डिसेंबर २००८ रोजी मुख्यमंत्री झाले, २००९ मध्ये भोकरमधून विधानसभेवर निवडून आले आणि आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी पद सोडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्याच वर्षी त्यांच्या कन्या श्रीजया चव्हाण त्या पक्षातर्फे भोकरमधून निवडून आल्या. चव्हाण घराण्याशी जोडल्या गेलेल्या या मतदारसंघाने काँग्रेस, काँग्रेसविरोधी आघाडीत सामील झालेला गट आणि भाजप अशी तीन वेगवेगळी राजकारणे पाहिली. भोकरच्या उदाहरणात पक्षाच्या नावावरून नेत्याची वैचारिक जागा ठरवणे म्हणूनच अपुरे ठरते.

मूल्यमापन

चार निकषांवर शंकररावांची भूमिका एकसारखी दिसत नाही. साधनांच्या निकषावर ते बहुतांशी सनदशीर व प्रशासकीय मार्गाचे नेते होते. गोदावरी करार आणि ‘रिडल्स’ प्रकरणातील तोडगा ही त्याची उदाहरणे. परंतु आणीबाणीत राज्यसत्तेच्या सक्तीचा वापर त्यांच्या सरकारने केला आणि सक्तीच्या नसबंदीच्या विधेयकात तर ते केंद्राच्याही पुढे गेले. सनदशीर असणे आणि सौम्य असणे यांतील अंतर येथे दिसते: ते विधेयक रीतसर विधिमंडळात मांडले गेले व मंजूर झाले, तरीही त्यातील तरतूद टोकाची होती.

आर्थिक धोरणात त्यांचा कल जमीन सुधारणा, कर्जमुक्ती, सार्वजनिक सिंचन आणि रोजगार यांकडे, म्हणजे मध्याच्या डावीकडे होता. खर्चाच्या बाबतीत मात्र ते काटकसरी होते. धर्म आणि जात यांविषयीच्या प्रश्नांवर त्यांनी समतोलाचा मार्ग स्वीकारला. त्याचे यश ‘रिडल्स’ प्रकरणात आणि मर्यादा अयोध्येच्या वेळी दिसल्या. पक्षांतर्गत वर्तनात ते निष्ठावंत मानले गेले, तरी १९७८ ते १९८० चा काळ त्या निष्ठेला अपवाद होता.

या कारणांमुळे शंकररावांना सरसकट ‘मध्यममार्गी’ म्हणण्यापेक्षा ‘प्रशासकीय वृत्तीचे, मध्याच्या डावीकडे झुकणारे काँग्रेस नेते’ असे वर्णन अधिक नेमके ठरते. शांत स्वभाव आणि मध्यम धोरण यांची गल्लत केल्यास आणीबाणीतील निर्णय नजरेआड होतात. उलटपक्षी केवळ आणीबाणीवरून त्यांना कठोर ठरवल्यास वाटाघाटींनी सोडवलेले प्रश्न दुर्लक्षित राहतात. कोणत्याही मुख्यमंत्र्याविषयी असा निष्कर्ष काढताना तो कोणत्या निकषावर आणि कोणत्या काळाबद्दल आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

भोकर विधानसभा मतदारसंघ
महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी
हैदराबाद मुक्तिसंग्राम
जायकवाडी धरण
भारतातील आणीबाणी (१९७५–१९७७)
पुरोगामी लोकशाही दल
विलासराव देशमुख